पहिलीचा टाक

३ एप्रिल

आज मानवतला आले. गाडीत खिडकीची जागा मिळाली आणि कंडक्टर म्हणून एक पोरगी होती, घट्ट वेणी घातलेली, सगळ्यांना पुढं सरका म्हणून दटावणारी. मला लय बरं वाटलं. हेही कंडक्टरच होते. जाऊन तीन वर्षं होतील आता. जिवंतपणी मी त्यांना कधी नावानं हाक मारली नाही, म्हणून वहीतही सिद्धोधन असं लिहायला हात वळत नाही. इथं "हे" लिहिलं की तेच समजायचं.

वाचायची सवय त्यांनीच लावली. मी सातवीनंतर शाळा सोडलेली. लोक गाडीत विसरून गेलेले पेपर, मासिकं, एकदा तर निम्मी फाटलेली कादंबरी, ते पिशवीत घालून आणायचे. त्या कादंबरीचा शेवट काय झाला असेल हे आम्ही दोघं अंथरुणावर पडून ठरवत बसायचो. ठरवता ठरवता ते घोरायला लागायचे. शेवट कधी ठरला नाही.

घर चांगलं आहे. धान्याच्या मोंढ्यामागच्या गल्लीत, दुमजली, फरशी इतकी गुळगुळीत की पहिल्या पावलालाच मी घसरले आणि बायनाबाई तोंडाला पदर लावून हसली. बायनाबाई म्हणजे स्वयंपाकाची बाई, या घरात सगळ्यांत जुनी. तिनं चहा दिला. माझा स्टीलच्या पेल्यात, बाकीच्यांचा कपात. पेल्यात चहा जास्त मावतो, म्हणून मी काही बोलले नाही. घरधनी दिनकरराव, आडतीचं दुकान आहे, वय सत्तरीकडं झुकलेलं. त्यांनी बियाणं कंपनीची ही डायरी दिली. वाचता म्हणं तुमी, मग थोडं लिहा पण, असं म्हणाले.

काम त्यांच्या बायकोच्या, मनकर्णाताईंच्या सोबतीला झोपायचं. आमच्या चारठाण्याकडं घरधनी गावाला गेला की शेजारची म्हातारी सोबतीला येऊन झोपायची, तसंच. फक्त इथं पगार आहे आणि कान उघडे ठेवून झोपायचं आहे. ताईंचा दम झोपेत अडकतो. अडकला की खांद्यावर दोन बोटं ठेवून हलवायचं. त्या कुशीवर वळतात, श्वास परत सुरू होतो. एवढंच. याला काय लागतं, मी मनात म्हटलं. सगळा संसार मी घोरण्याशेजारी झोपून केला आहे.

७ एप्रिल

मनकर्णाताई पन्नाशीच्या, माझ्यापेक्षा वर्षभरानं मोठ्या असतील. भरल्या अंगाच्या. हसल्या की डोळे मिटतात. पाळी गेली, आणि त्यानंतर आधी त्यांची झोप गेली. मग अंगातून वाफा निघायला लागल्या, मग कारण नसताना रडू, मग एकदा दिनकररावांवर ताटली फेकली. घरचे म्हणाले बाई बिघडली. परभणीच्या डॉक्टरीणबाईंनी मात्र अंगाला तारा लावून रात्रभर झोप तपासली आणि सांगितलं की पाळी असेपर्यंत बाईच्या अंगात जे द्रव्य तयार होतं, ते श्वासालाही हाकत असतं. ते आटलं की घसा झोपेत ढिला पडतो, वाट बुजते. पुरुष मोठ्यानं घोरतो म्हणून त्याचं कळतं. बाई नुसती दमलेली, चिडकी, रडकी दिसते, म्हणून तिचं कोणी तपासत नाही. ताईंनी मला हे मेथी निवडताना सांगितलं. मी एका मासिकात थोडं वाचलं होतं, पण तिथं इतकं सरळ लिहिलेलं नव्हतं.

झोपताना त्या मशीन लावतात. नाकावर मास्क, मास्कला नळी, नळी मशीनला. मी पहिल्यांदा बघतच राहिले. काय बघायलाव, गणपती बसला घरात, आता आरती करा, असं म्हणून त्या इतक्या हसल्या की मास्कच निसटला. झोपेत त्या तो ओढून काढतात. मी परत लावते. लाईट गेली की मशीन बंद. मग माझी दोन बोटं.

मला त्या आवडल्या. हे लिहून ठेवते.

१५ एप्रिल

काल जयंती. पांढरी साडी नेसून मिरवणुकीत पाय दुखेपर्यंत चालले. परत आले तर ताई माझी वाट बघत जाग्या. तुमी नसल्या की डोळाच लागत न्हाई बाई, म्हणाल्या. बरं वाटलं. मी आले की झोपायचं म्हणून जागं राहणारं माणूस मलाही एके काळी होतं.

कोणाला बोलले नाही, पण त्यांना होतं ते सगळं मलाही होतं. पाळी महिने महिने येत नाही. बसल्या बसल्या कानशिलं पेटतात, पाठीवरून घाम ओघळतो. सकाळी तोंड कोरडं आणि डोकं असं जड, जणू रात्रभर खडी फोडली. आमच्याकडचा उन्हाळा, त्यात कोण म्हणणार काही वेगळं आहे. ताईंना मशीन आहे, डॉक्टरीण आहे, मी आहे. माझ्या श्वासाकडं कान देणारं कोणी नाही. हेवा वाटला. साडीचा नाही, घराचा नाही. त्यांच्या खांद्यावर जी दोन बोटं पडतात त्यांचा. ती बोटं माझीच आहेत, हे आठवून मग हसू आलं.

२१ एप्रिल

नळी ताईंच्या गळ्यातल्या काळ्या दोऱ्यात अडकते, मास्क ओढला जातो आणि फटीतून वारा शिट्टीसारखा सुटतो. आज मी तो दोरा नीट पाहिला. मंगळसूत्र वेगळं, हा वेगळा. त्यात चांदीचा टाक, रुपयाएवढा, वर एका बाईची आकृती. नाकडोळे झिजून गेलेले. टाक देवघरात असतात, हा गळ्यात का, असं विचारलं.

ही माझी थोरली, ताई म्हणाल्या. दिनकररावांची पहिली बायको, शिवकन्या. ती वारल्यावर ताई दुसरेपणावर आल्या आणि लग्नाच्या मांडवातच सासूनं हा टाक त्यांच्या गळ्यात बांधला. मेलेल्या सवतीला गळ्यात वागवायचं. जे जे मिळेल ते आधी तिला. नवी साडी आधी टाकाला टेकवायची, मग नेसायची. गोडाधोडाचा घास आधी टाकाला दाखवायचा. असं केलं की ती रुसत नाही, दुसरीचा घसा धरत नाही.

घसा धरत नाही, हे शब्द त्यांचेच. मी म्हटलं, घसा कोण धरतं ते डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की तुम्हाला. त्यावर ताई म्हणाल्या, डॉक्टरीणबाई दिवसा सांगती, ही मी झोपल्यावर येती.

मी हे मानत नाही. माझ्या आज्यानं छप्पन साली दीक्षा घेतली आणि घरातले सगळे टाक दुधना नदीत सोडून दिले. मी म्हटलं, निदान झोपताना काढून ठेवा. तर म्हणाल्या, ठेवू कुठं? भुईला लावायचा न्हाई, खिळ्याला टांगायचा न्हाई. देवघरातही चालत नाही, कारण ती देव नाही, बाई आहे. बाईच्या गळ्यातच राहायला पाहिजे. मग द्या माझ्याकडं, मी म्हटलं. मी काही मानत नाही, मला काय होणार?

ताईंनी एकदा माझ्याकडं बघितलं. मग मान वाकवली. गाठ लग्नापासूनची. सुटेना, तेव्हा मी दातानं सोडवली.

टाक गार लागला. हे गेल्यापासून गळा मोकळाच आहे. वजन कसं असतं ते विसरून गेले होते.

२४ एप्रिल

ताई सलग झोपतात. मास्क जागचा हलत नाही. मला उठावंच लागलं नाही. पहिल्या सकाळी टाक परत द्यायला गेले तर त्या आंघोळीला, मग पूजेला, मग बाजाराला. संध्याकाळी म्हणाल्या, राहू द्या की, परत काढायचाच हाय झोपताना. काल विचारलं तर ऐकू न आल्यासारखं केलं.

मीही फार आग्रह केला नाही. खरं सांगायचं तर.

३० एप्रिल

आज आखिती. पाण्यानं भरलेली घागर पुजली, रस-पोळ्या केल्या. दिनकररावांनी ताईंना साडी आणली, मोरपंखी, बारीक जरीचा काठ. घडी मोडायच्या आधी ती टाकाला टेकवायची, आणि टाक माझ्या गळ्यात. ताई जरा अडखळल्या. मग हसत हसत साडी माझ्या खांद्यावर टाकली, टाकाला टेकवली आणि काढून घेतली. थोरलीचं झालं, आता धाकलीचं, म्हणाल्या.

एवढीशीच होती ती खांद्यावर. पण त्यांनी उचलली तेव्हा मला वाटलं ते लिहायची लाज वाटते. आपल्या पुढ्यातलं ताट कोणी ओढून न्यावं तसं वाटलं. मला रंगीत साड्यांची हौस कधीच नव्हती.

जेवताना त्यांच्या हातात पोळी, आणि मी त्यांचा घास मोजत होते.

६ मे

ताईंना घेऊन परभणीला गेले. डॉक्टरीणबाई खूश होत्या. मशीनमध्ये सगळं कळतं म्हणे. श्वास अडकणं जवळजवळ थांबलं आहे. ताईंचा चेहरा खरंच उजळला आहे. आधी जेवण झालं की जिना चढून वर झोपायला जाणारे दिनकरराव आता खालीच त्यांच्याशी गप्पा मारत बसतात. काल दोघं कशावर तरी इतके हसले की मी खोलीचं दार लोटून घेतलं.

मी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून त्यांचं कौतुक ऐकत होते. शेवटी डॉक्टरीणबाईंनी पेनाचं टोपण लावलं आणि माझ्याकडं बघून सहज विचारलं की तुम्ही कशा झोपता? माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. सगळं सांगून टाकलं. त्यांनी तोंड उघडायला लावून घसा पाहिला, टेपनं मान मोजली. तुम्हालाही तेच असावं, पण तपासल्याशिवाय सांगणार नाही, म्हणाल्या. झोप अशी तुटत राहिली आणि त्यात अंगातले हे बदल, की मन कडू होतं, दुसऱ्याचं बरं बघवत नाही. त्याची लाज धरू नका, तेही दुखणंच आहे. जूनच्या दहा तारखेला तपासणीला या.

येताना बसमध्ये ताई म्हणाल्या, तुमाला पण सोंड लागली तर एका खोलीत दोन गणपती, लोक नवस बोलायला येतील बघा. दोघी हसलो. पुढच्या सीटवरचा म्हातारा वळून बघायला लागला, तरी हसत होतो.

१३ मे

दुपारी डोळा लागला. उठले ती घसा धरून. श्वास आत जाईना. गेला तेव्हा गाईच्या हंबरण्यासारखा आवाज झाला.

त्याआधी कोणीतरी माझ्यावर वाकलेलं होतं. मारायला नव्हे. तिनं माझ्या तोंडाजवळ कान लावला होता. माझा श्वास चालू आहे का, ऐकत होती. मी ताईंचा ऐकते तशीच.

डॉक्टरीणबाई म्हणतील, घसा बुजला, घाबरलेल्या डोक्यानं गोष्ट रचली. तसंच असणार. दहा तारीख जवळ येते आहे. चार गोष्टी वाचलेलं माणूस आहे मी.

१७ मे

बायनाबाईला विचारलं की शिवकन्या कशानं गेली. ती लसूण सोलत होती, सोलायची थांबली. थोरल्या बाईला शेवटी शेवटी झोप नव्हती म्हणाली. रडायच्या, भांडायच्या, बसल्या जागी पेंगायच्या आणि घसा धरून उठायच्या. पाळी जायला लागली तेव्हापासून. घरात सगळे म्हणायचे डोस्क्यावर परिणाम झाला. आवाजानं मालकाची झोप मोडती म्हणून त्यांचं अंथरूण खालच्या या खोलीत घातलं, एकटीचं. एका सकाळी बायनाबाई चहा घेऊन गेली तर त्या गार.

मग म्हणाली, मरायच्या आधी मला म्हणायच्या, बायने, सोबतीला झोप गं माझ्या खोलीत. पर माझी लेकरं ल्हान, मी न्हाई झोपले.

तेच दुखणं, तेच वय. नाव नव्हतं दुखण्याला, मशीन नव्हती. तिनं मागितलं काय, तर सोबत. ताईंना वाटतं थोरली नवऱ्यासाठी जळते. नवरा नको आहे तिला. ती माझ्या दोन बोटांवर जळते.

माझ्यासारखीच.

हे शेवटचं मी नको लिहायला होतं.

२० मे

काल जेवणं झाली आणि लाईट गेली. ताई मशीनशिवाय तशाच झोपी गेल्या. घोरणं, मग एकदम गप्प. मी उठले, बोटं खांद्यापर्यंत नेली आणि थांबले. मुद्दाम नाही. ते गप्प असणं ऐकत थांबले. पंखा नाही, मशीन नाही, तिचा श्वास नाही. किती बरं वाटत होतं घर. जणू सगळं माझं.

मग तिनंच दचकून श्वास ओढला आणि माझं मनगट धरलं. तुमी हाव म्हणून मी जगायले, म्हणाली.

मी बाहेर जाऊन ओट्यावर बसले. हात मांडीखाली दाबून.

२३ मे

बायनाबाईला ताप. भाकरी मी केल्या. हे जेवायला बसले, पेपरातून मान वर न काढता म्हणाले, पाणी दे गं. मी दिलं. तिनं पाहिलं. माझी सवत झालात की हो कुसुमबाई, म्हणाली. हसली, पण डोळे मिटले नाहीत.

कोणाच्या घरात कोण कोणाची सवत. आधी कोण आलं होतं?

२४ मे

कालचं वाचलं. मी दिनकररावांना "हे" लिहिलं आहे.

अक्षर माझं आहे. शेवटचा प्रश्न मी लिहिलेला आठवत नाही.

सिद्धोधन. सिद्धोधन. सिद्धोधन. नाव घेते, लिहिते, माफ करा. म्हणजे परत चूक होणार नाही.

२९ मे

टाक काढायचा ठरवला. गाठ लागत नाही हाताला. दोरा आहे, गाठ नाही. आरशात पाठमोरी उभी राहून पाहिलं. डोक्यावरून निघत नाही, इतका सैल नाही तो. मी बांधला तेव्हा होता.

बायनाबाई बरी होऊन आली. तिनं आज चहा कपात दिला. निळ्या फुलाचा, कान तुटलेला, जो फडताळात सगळ्यांत वर पालथा असतो. हा कोणाचा, मी विचारलं. कपाकडं बघून तीच दचकली. हात आपसूक गेला म्हणाली. थोरल्या बाईंचा कप. मग माझ्याकडं पाठ करून उभी राहिली, वळलीच नाही.

चहात साखर दुप्पट होती. मला तशी चालत नाही. आवडली.

२ जून

ताईंना म्हटलं, तुमचा टाक तुम्ही घ्या. त्या मागं सरकल्या, भिंतीला लागल्या. लय वर्सं वागवलं हो मी तिला, आता न्हाई, म्हणाल्या. रडत होत्या. पाया पडते तुमच्या, आता कुठं मला झोप लागायली.

झोप लागायली. माझ्या झोपेवर. तिच्या गालावर उशीची घडी उमटलेली असते सकाळी, लेकरासारखी.

मी कात्री घेतली. दोऱ्याला लावली.

कात्री जागेवर ठेवून आले. मी ठेवली का—

आठवत नाही.

५ जून

बसलेल्या जागी पेंगते. प्रत्येक वेळी ती वाकलेली असते. कान माझ्या तोंडाशी. आज बोलली. आवाज नाही, नुसता वारा, मशीनच्या नळीतून येतो तसा. म्हणाली की मी तुझं ऐकते, तू माझं ऐक. हिचं पुरे झालं.

बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. इतक्या दिवसांनी कोणीतरी माझ्या श्वासाजवळ—

नाही. दहा तारीख. दहा तारीख.

७ जून

मशीनच्या नळीवर माझा पाय होता. उठले तेव्हा. पूर्ण वजन.

तिनं झोपेत मास्क काढून टाकला होता, म्हणून वाचली.

आज माझा पलंग दाराजवळ ओढून घेतला. लांब.

८ जून

सकाळी पलंग परत जवळ होता.

९ जून, दुपार

लाईट नाही. वाऱ्यानं कुठंतरी तार तुटली आहे. दिनकरराव मोंढ्यात. बायनाबाई घरी गेली.

पिशवी भरून ठेवली. उद्या परभणी. तारा लावायच्या आधी गळ्यातलं सगळं काढा म्हणतात, ताईंनी तेव्हा हट्टानं टाक ठेवला होता. मी डॉक्टरीणबाईंना सांगेन, दोरा कापा. दुखण्याला नाव मिळेल. मग ही खोली नको, हे घर नको. चारठाण्याला जाईन. घरात ती निम्मी कादंबरी आहे अजून, ती—

ताई उताणी झोपली आहे. मशीन बंद. घोरते आहे. मोरपंखी साडी नेसून.

थांबली.

उठते.

दोन बोटं. एवढंच काम. पलंग हाताच्या अंतरावर. वही खाली ठेवायची आणि

ठेवता येत नाही. मी ठेव म्हणते, हात लिहितोच आहे

अजून नाही घेतला श्वास. ओठ— मनकर्णाताई. हाक मारते आहे पण आवाज— टाक वर चढला आहे, घशाच्या खळगीत, गार—

मला ताई आवडल्या होत्या. पहिल्याच आठवड्यात लिहून ठेवलं आहे. मागं बघ. लिहिलं आहे. सोड मला

सिद्धोध

एकदा हलवू दे. नुसतं बोट लावू दे, एकदा—

मी पण हाका मारल्या होत्या. याच खोलीत. बायनेला, ह्यांना, सगळ्यांना. मला कोणी